अपिलाची मुदत आणि विलंबमाफी

दिवाणी दावा हरल्यानंतर व्यापारी घरात पहिली चर्चा पैशाची होते. मुदतीचा विषय निघेपर्यंत पुष्कळदा ती संपून गेलेली असते. दुकानाच्या गाळ्याचा ताबा देण्याचा हुकूमनामा झालेला असो वा उधारीच्या वसुलीचा दावा फेटाळला गेलेला असो, अपिलाचे दार मोजके दिवसच उघडे असते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयात अपिलासाठी ९० दिवस, तर जिल्हा न्यायालयात ३० दिवस मिळतात. निकालाचा दिवस व प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. नकलेचा अर्जच मुदतीनंतर केला असेल, तर मात्र ही सवलत उपयोगी पडत नाही.

मुदत उलटल्यावर आधार उरतो तो कलम ५ चा. विलंबास ‘पुरेसे कारण’ होते अशी खात्री पटल्यास न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकते. पुरेसे म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने केलेली नाही. तो न्यायालयाचा विवेकाधिकार आहे. पर्युषणाच्या अखेरीस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्यास कोणी कारण विचारीत नाही. न्यायालय मात्र विचारते, आणि त्याचा पुरावाही मागते.

सर्वोच्च न्यायालयाची दृष्टी सामान्यतः उदार राहिली आहे. १९८७ च्या कातिजी प्रकरणात विलंब अवघा चार दिवसांचा होता. उशीर करून पक्षकाराचा सहसा काहीच लाभ होत नसतो, म्हणून प्रत्येक दिवसाचा हिशेब काटेकोरपणे मागत बसू नये, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. १९९८ च्या बालकृष्णन प्रकरणात एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यास झालेला ८८३ दिवसांचा विलंबही माफ झाला. दिवस किती गेले यापेक्षा स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे की नाही, हे तेथे निर्णायक ठरले. विलंब माफ करताना विरुद्ध पक्षाच्या खर्चाची भरपाई करून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. ते न्याय्यच होय. जिंकलेल्या पक्षाने निकाल अंतिम मानून आपले व्यवहार आखलेले असतात.

या उदारतेवर विसंबणे धोक्याचे आहे. २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा विलंब सर्वोच्च न्यायालयाने माफ केला नाही. फायली टेबलाटेबलांवर फिरत होत्या, हे कारण सरकारी खात्यासही चालले नाही. मग पेढीवरच्या मुनीमजींचा विसरभोळेपणा कसा चालावा? आजारपणाचे कारण असेल, तर ते मुदत संपण्यापूर्वीच उद्भवलेले असावे लागते. मुदत गेल्यानंतरचा ताप उपयोगाचा नाही. व्यापारी वादांत तर हात अधिकच आखडलेला आहे. व्यापारी न्यायालयांच्या कायद्याखाली अपिलास ६० दिवस मिळतात. त्यापुढील विलंब केवळ अपवाद म्हणून, आणि तोही अल्प असेल तरच माफ व्हावा, असे २०२१ मध्ये बोर्से ब्रदर्स प्रकरणात ठरले.

विलंबमाफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलाबरोबरच द्यावा लागतो. त्यात तारखा हव्यात: नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, रुग्णालयात कधी दाखल झाले, वकिलांकडे कागद कधी पोहोचले. हा अर्ज निकाली निघून अपील ऐकण्याचे न्यायालय ठरवीत नाही, तोवर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस स्थगिती देता येत नाही. त्या मधल्या काळात विरुद्ध पक्ष जप्तीची कारवाई सुरू करू शकतो.