भारहीनतेत भांबावणाऱ्या पेशी

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे उड्डाण २५ जून २०२५ रोजी झाले. पण त्याआधी पूर्ण महिनाभर ते आणि त्यांचे तीन सहकारी विलगीकरणात होते. उड्डाणाची तारीख वारंवार पुढे गेली, तसा हा एकांतवासही लांबला. त्या काळातील चर्चा यानाच्या बिघाडांभोवती फिरत राहिली. धडधाकट, कठोर वैद्यकीय निकषांतून निवडलेल्या माणसांना साध्या सर्दीपासून इतके जपावे का लागते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. भारत २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारू पाहत असताना या प्रश्नाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

विलगीकरणाची ही शिस्त अपोलो मोहिमांनी शिकवली. १९६८ मध्ये अपोलो-७ च्या तिन्ही अंतराळवीरांना अंतराळातच सर्दीने गाठले. अपोलो-१३ च्या फ्रेड हेझ यांना परतीच्या प्रवासात मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. अपोलोच्या २९ अंतराळवीरांपैकी १५ जणांना मोहिमेत किंवा परतल्यानंतरच्या आठवड्याभरात जिवाणू अथवा विषाणूंचा संसर्ग झाल्याची नोंद आहे. अपोलो-१४ पासून उड्डाणापूर्वीचे विलगीकरण सक्तीचे झाले. त्यामुळे बाहेरून येणारे आजार बरेच रोखले गेले. आतला बदल मात्र रोखता आला नाही.

दोन अंतराळ प्रयोग

तो बदल पेशींच्या पातळीवर प्रथम ठळकपणे दिसला १९८३ मध्ये. स्वित्झर्लंडचे संशोधक ऑगुस्तो कोगोली यांनी स्पेसलॅब-१ या अंतराळ प्रयोगशाळेत मानवी रक्तातील लसिकापेशी पाठवल्या. अबईच्या वर्गातील शेंगांपासून मिळणारे एक प्रथिन या पेशींना डिवचते आणि त्या झपाट्याने विभागू लागतात. शरीरात शत्रू शिरल्यावर त्या जे करतात, त्याचीच ही रंगीत तालीम. भारहीनतेत त्यांचा प्रतिसाद जमिनीवरील पेशींच्या ३ टक्क्यांहूनही कमी भरला. दोन वर्षांनी यानातच फिरत्या यंत्रावर कृत्रिम गुरुत्व निर्माण करून तुलना केली, तेव्हा दोष प्रवासातील हादऱ्यांचा वा किरणोत्सर्गाचा नसून भारहीनतेचाच असल्याचे स्पष्ट झाले.

पेशीला आकार देणारा तंतूंचा सांगाडा गुरुत्वाच्या सवयीत घडलेला असतो. तो ताण नाहीसा झाला की पेशीच्या पृष्ठभागावरून केंद्रकाकडे जाणारे संदेश क्षीण होतात आणि लढण्याचा हुकूम वेळेवर पोहोचत नाही.

परीक्षानळीतील हा निष्कर्ष माणसाच्या शरीरात कितपत उतरतो? पुरावे चिंता वाढवणारे आहेत. कांजिण्या, नागीण, तोंडावरील पुळ्या यांस कारणीभूत होणारे विषाणू बहुतेकांच्या शरीरात आयुष्यभर निद्रिस्त असतात. टी-पेशी त्यांच्यावर पहारा ठेवतात. स्पेस शटलच्या ८९ प्रवाशांपैकी ४७ जणांच्या, तर स्थानकावर दीर्घकाळ राहिलेल्या २३ पैकी १४ जणांच्या लाळेत वा लघवीत हे विषाणू जागे झालेले आढळले. कर्करोगग्रस्त आणि विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींची क्षमता स्थानकावरील तीन महिन्यांत सुमारे निम्म्यावर येत असल्याचे २०१९ मधील एका अभ्यासात दिसले. दोष एकट्या भारहीनतेचा नव्हे. दिवसाला सोळा सूर्योदय, तुटक झोप, बंदिस्त जागा आणि त्यातून वाढणारी ताणाची संप्रेरकेही या पेशींना दाबतात. दुसरीकडे, २००६ मध्ये अंतराळात वाढवलेले साल्मोनेला जिवाणू उंदरांसाठी अधिक घातक ठरले होते. पहारेकरी सुस्त आणि चोर चपळ, अशी ही दुहेरी अडचण आहे.

भीती नको, मोजमाप हवे

तरीही चित्र एकरंगी नाही. विषाणू जागे झालेल्यांपैकी केवळ सहा जणांमध्ये लक्षणे दिसली. स्कॉट केली यांना अंतराळात टोचलेल्या फ्लूच्या लशीला त्यांच्या शरीराने नेहमीसारखाच प्रतिसाद दिला. २०२१ मध्ये तीन दिवसांच्या सफरीवर गेलेल्या चार सामान्य नागरिकांच्या प्रतिकारपेशींतील बहुतेक बदल परतल्यावर निवळले. स्थानकावर व्यायामाची साधने सुधारली, तसे विषाणू जागे होण्याचे प्रमाणही घटल्याचे आढळले आहे. मात्र स्थानकावरून काही तासांत पृथ्वी गाठता येते. मंगळाच्या वाटेवर सहा ते नऊ महिने औषधपेटी आणि सहप्रवासी एवढाच आधार असेल.

भारताची पहिली गगनयान मोहीम जेमतेम तीन दिवसांची असणार आहे. तेवढ्यात मोठा धोका उद्भवण्याची शक्यता कमी; म्हणूनच या विषयाला दुय्यम ठरवण्याचा मोह होईल. खरी परीक्षा महिनोन्महिने राहण्याची आहे, आणि तेथे आणखी एक बाब भारताच्या विरोधात जाते. मारक पेशींची घसरण प्रथमच अंतराळात जाणाऱ्यांत अधिक असल्याचे २०१९ च्याच अभ्यासात दिसले. शुक्ला वगळता गगनयानसाठी निवडलेले अन्य तिघेही नवखेच आहेत.

शुक्ला यांनी अंतराळात मूग आणि मेथीला मोड आणण्याचा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा प्रयोग पार पाडला. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरील संस्था या संशोधनात उतरू शकते, तर देशातील वैद्यकीय प्रयोगशाळांना प्रतिकारपेशींच्या अभ्यासात उतरणे अशक्य नाही. अंतराळवीर मोजकेच असल्याने प्रत्येकाचा रक्तनमुना मोलाचा ठरतो. उड्डाणाआधी, उड्डाणात आणि नंतर काही महिने तो घेतला नाही, तर ती माहिती पुन्हा मिळवता येत नाही.

या अभ्यासाचा लाभ जमिनीवरील माणसांनाही आहे. वार्धक्यातही टी-पेशी मंदावतात आणि बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नागिणीच्या रूपाने डोके वर काढतो. वृद्धांत वर्षानुवर्षे घडणारी ही प्रक्रिया अंतराळात काही आठवड्यांत पाहता येते. अग्निबाण माणसाला वर नेईल. तो तेथे निरोगी राहील की नाही, हे ठरवणाऱ्या पेशींकडे आतापासून लक्ष दिले, तरच २०३५ चे स्वप्न पूर्ण अर्थाने मानवी ठरेल.