तडजोडीने सुटणारा मद्यपरवाना

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 54 अन्वये अटींचा भंग करणाऱ्या विक्रेत्याची अनुज्ञप्ती, म्हणजे मद्यविक्रीचा परवाना, निलंबित किंवा रद्द करता येते. मात्र त्याच कायद्याचे कलम 104 या कारवाईऐवजी ठरावीक रक्कम स्वीकारून प्रकरण मिटवण्याची मुभा देते, आणि शिक्षेचा धाक तेथेच संपतो.

या तडजोडीचे समर्थक महसुलाचा दाखला देतात. दुकान बंद राहिले की शासनाचे उत्पन्न बुडते, हे त्यांचे म्हणणे वरवर पटण्यासारखे असले, तरी विलायती मद्यावरील उत्पादन शुल्क मुख्यतः माल कारखान्यातून किंवा गोदामातून बाहेर पडतानाच वसूल होते आणि एका दुकानाला कुलूप लागले तर ग्राहक शेजारच्या परवानाधारकाकडे जातो. म्हणून नुकसान होते ते नियम मोडणाऱ्याचे, तिजोरीचे नव्हे.

नोकराच्या चुकीसाठी मालकाला का भरडावे, हा दुसरा आक्षेप कायद्यानेच निकालात काढला आहे, कारण कलम 54 मध्ये परवानाधारकाबरोबर त्याच्या नोकराने केलेला अटींचा भंगही अंतर्भूत आहे. कडक कारवाईमुळे लोक विषारी दारूकडे वळतील, ही भीती अधिक गंभीर आहे आणि ती झटकून टाकणे योग्य नाही. तथापि 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर बळी गेले ते मिथेनॉलमिश्रित, बेकायदा दारूने, आणि तेव्हा शहरातील अधिकृत दुकाने उघडीच होती. त्या मृत्यूंचे मूळ गरिबी आणि औद्योगिक मद्यार्काची चोरटी वाहतूक यांत शोधावे लागते. परवाना निलंबनाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

खरा प्रश्न किमतीचा आहे. 1970 च्या दशकापासून विलायती मद्याच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने देणे राज्याने जवळपास थांबवल्यामुळे जुन्या परवान्यांचे हस्तांतरण कोट्यवधींच्या घरात गेले, आणि एवढ्या मोलाच्या सवलतीपुढे तडजोडीची रक्कम हा केवळ धंद्याचा एक खर्च ठरतो. उरलेला खर्च समाज भरतो. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन मुलाला मद्य पुरवल्याच्या आरोपावरून मद्यालये मोहोरबंद झाली; महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची असताना ती दारातच तपासली जाते की नाही, याची दखल प्रशासनाने दोन मृत्यूंनंतर घ्यावी, हे अक्षम्य आहे.

सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात मद्यव्यापाराला मूलभूत हक्क मानण्यास नकार दिला असल्याने परवाना ही सशर्त सवलतच ठरते. म्हणून वयाच्या अटीचा भंग आणि बनावट मद्याची विक्री हे दोन अपराध कलम 104 मधील तडजोडीतून पूर्णपणे वगळावेत, पहिल्या वेळी सक्तीचे निलंबन व दुसऱ्या वेळी परवाना रद्द व्हावा, आणि प्रत्येक आदेश दुकानाच्या दर्शनी भागी लावला जावा, जेणेकरून त्या वस्तीतील लोकांना आपल्या शेजारच्या विक्रेत्याचा इतिहास कळेल.