खुर्ची मिळाली, उसंत कधी?

७३व्या घटनादुरुस्तीमुळे १९९३ पासून ग्रामपंचायतींत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. परिणामी परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत महिला सरपंच ही आता नवलाई राहिलेली नाही. मात्र, खुर्चीवर बसलेल्या बाईचा घरातील भार हलका झाला का, याचा विचार क्वचितच होतो.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात; पुरुषांची ८८. ग्रामसभा, टंचाईत टँकरची मागणी आणि पंचायत समितीतील हेलपाटे या जवळपास पाच तासांच्या कामानंतरचे.

तरीही अनेक जणी मदत मागण्यास कचरतात. याचे कारण केवळ संकोच नव्हे. मदतीच्या नावाखाली कारभारच हातून जातो, हा गावोगावचा अनुभव आहे. 'सरपंचपती' या प्रथेवर उपाय सुचविण्यासाठी केंद्राला २०२३ मध्ये समिती नेमावी लागली. २०२५ मध्ये तिने कठोर दंडाची शिफारस केली. अशा वातावरणात थकवा बोलून दाखविणे म्हणजे 'बाईला झेपत नाही' हा शेरा ओढवून घेणे ठरते.

म्हणूनच आधार आणि अतिक्रमण यांतील भेद स्पष्ट व्हायला हवा. घरच्यांनी स्वयंपाक व मुलांची जबाबदारी उचलणे हा आधार. बैठकीत तिच्या जागी बसणे हे अतिक्रमण. प्रत्यक्षात चूल तिच्याकडेच राहते आणि खुर्ची मात्र 'सांभाळली' जाते. वास्तविक, सरपंचाच्या गैरहजेरीत उपसरपंचाने काम पाहण्याची सोय १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. आजारपणात वा बाळंतपणात तिचा उपयोग करणे ही माघार नव्हे, कारभाराची शिस्त आहे.

व्यवस्थाही मागितल्याखेरीज हलत नाही. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा कोठे तेथे हिरकणी कक्ष उभा राहिला. पंचायत कार्यालयांत अशा सोयीचा विचार व्हायला हवा.

जनाबाईंचे जन्मगाव गंगाखेड याच जिल्ह्यातले. त्यांच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. दळणाला हात लागला. अभंग मात्र जनाबाईंच्याच नावे राहिले. महिला सरपंचांना हवी आहे ती नेमकी अशी मदत.