अंजनी निळी झाली

शिमगा जवळ आला की आमच्या बाजूला सुरंगीच्या फुलांशिवाय दुसरं बोलणं नसतं. आसोली, आरवली, शिरोडा, सगळीकडे भल्या सकाळी कळ्या काढायची लगबग, वळेसरांची म्हणजे गजऱ्यांची विक्री, वाळलेल्या कळ्यांच्या भावाची चर्चा. त्याच दिवसांत रेडीच्या जांभ्यावर, रानाच्या कडेला अंजनी फुलते. तिचा वळेसर होत नाही, भाव तर नाहीच. ‘‘ह्येका कोण इचारता!’’ असं शेजारच्या काकी म्हणाल्या, आणि ते खरंच आहे.

अंजनी पाहायची तर फांदीशी डोळे न्यावे लागतात. गेल्या वर्षीची पानं जिथून गळली, त्या उघड्या लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांचे झुपके धरतात. बरेच दिवस काहीच हलत नाही. मग एका सकाळी अख्खी फांदी निळी. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, तेही निळे, आणि भोवती मधमाश्या. हा बहर फार टिकत नाही. पाकळ्या झडून पाचोळ्यावर निळा सडा पडतो, फांदीवर फुलांच्या पेल्या राहतात. पुढे त्यांचीच मण्यांएवढी फळं होतात, पिकून काळी-जांभळी पडतात आणि बुलबुलांची चंगळ होते.

माथेरान-महाबळेश्वरच्या रानात हीच अंजनी जांभळाच्या सोबतीने दाट वाढते. तिथे थंडावा आहे, धुकं आहे. आमच्याकडे तापलेला कातळ. जांभ्याच्या मातीतलं ॲल्युमिनियम कित्येक झाडांच्या मुळांना बाधतं. अंजनी ते पानांत साठवून ठेवते. दक्षिणेत कापड रंगवणारे तुरटीसारखा तिच्या पानांचा उपयोग करत, तो याच गुणामुळे.

रेडी खाणीचा गाव. १९७६ साली द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली तीही खाणीच्याच जमिनीत. लोहखनिजासाठी जांभा खरवडला गेला. आता काजूसाठी, प्लॉटसाठी जमीन साफ होते. साफ करताना आंबा, फणस, सुरंगी राखतात. अंजनी झुडपात मोजली जाते आणि कोयत्याखाली जाते. तिचं लाकूड चिवट, वाढ अतिशय मंद. एकदा तोडलेली अंजनी पुन्हा अंगभर फुललेली पाहायला किती वर्षं थांबायचं?

जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार गावोगावच्या समित्यांनी लोकांना विचारून स्थानिक जैवविविधतेची नोंदवही करायची असते. त्या वहीत सुरंगीबरोबर अंजनीही यावी, कुठल्या वाडीत आहे आणि यंदा कधी फुलली हे लिहिलं जावं. ते सांगायला मी तयार आहे, काकीही आहेत.