तपासले किती ते नको, आटोक्यात किती ते सांगा

गणेशोत्सव असो, नगरसेवकाचा वाढदिवस असो की १७ मेचा जागतिक उच्च रक्तदाब दिन, रक्तदाब तपासणी शिबिराची बातमी एकाच साच्यातून निघते. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन, डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि शेवटी ‘परिसरातील नागरिकांनी मोठ्या संख्येने लाभ घेतला’. लाभ नेमका कोणता झाला, हे त्या बातमीत कधी वाचायला मिळत नाही. ज्यांचा आकडा जास्त आला त्यांना ‘जवळच्या दवाखान्यात दाखवून घ्या’ असं सांगून चिठ्ठी दिली जाते. ती दवाखान्यापर्यंत पोचली की शर्टाबरोबर धुण्यात गेली, याची चौकशी ना मंडळ करतं, ना महापालिका.

मोजणं आवश्यक आहे, यात शंका नाही. रक्तदाब १६०-१७० वर गेला तरी बहुतेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही. ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला कसला बीपी?’ असं म्हणणारा माणूस एके दिवशी अर्धांगवायूने आडवा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर पहिला जागतिक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजानुसार भारतात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना हा विकार आहे. त्यांपैकी निदान झालेले ३७ टक्के, औषध घेणारे ३० टक्के आणि रक्तदाब आटोक्यात असलेले १५ टक्के.

शिबिरवाले यातला पहिला आकडा दाखवतात: बघा, साठाहून अधिक टक्के लोकांना पत्ताच नाही, म्हणून तपासण्या वाढवा. मी शेवटच्या दोन आकड्यांकडे बघायला सांगतो. ज्यांना आजार कळला, जे डॉक्टरकडे गेले, ज्यांनी गोळी सुरू केली, त्यांच्यातलेही निम्मेच आटोक्यात आहेत. म्हणजे उद्या जादूने सगळ्या देशाची तपासणी झाली, तरी ही गळती थांबत नाही. पेरणीचा फोटो काढून शेताकडे पुन्हा न फिरकणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात जे पीक पडेल, तेच आपल्या शिबिरांच्या पदरात पडतं आहे.

त्यात मंडपात होणारं मोजमापही अनेकदा धड नसतं. रक्तदाब मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटं शांत बसलेलं असावं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंडाला गुंडाळायचा पट्टा शर्टाच्या बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. हाताला आधार हवा आणि दंड हृदयाच्या पातळीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी नको. लघवी तुंबलेली नको. मोजताना बोलायचं नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा फुगतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने निदान दोनदा मोजायचं. आता आपल्या शिबिरातलं दृश्य आठवा: जिना चढून आलेले काका, मागे रांग, शेजारी स्पीकर, हातात चहाचा कप आणि ‘काय म्हणता, मुलगा कुठे असतो सध्या?’ अशी विचारपूस चाललेली.

अशा एका आकड्यावर निदान करायचं नसतं. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या भेटीत पुन्हा दिसला, तर उच्च रक्तदाब म्हणायचं. आकडा १८० वर ११० किंवा त्याच्या पुढे असेल, तर मात्र थांबायला वेळ नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घाईच्या मोजणीने दोन्हीकडून नुकसान होतं. धडधाकट माणूस विनाकारण घाबरतो. आणि ज्याला त्या दिवशी ‘नॉर्मल’ म्हणून पाठवलं, तो पुढची दहा वर्षं ‘मी तपासलंय’ म्हणून निर्धास्त राहतो.

मग काय केलं की उपयोग होतो? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यं होती आणि आपले भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात होते. या उपक्रमात चमकदार असं काही नाही. कोणत्या रुग्णाला आधी कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, आकडा उतरला नाही तर पुढची पायरी कोणती, हे एका पानावर ठरवून दिलं. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा मोजक्या, स्वस्त औषधांचा साठा नोंदलेल्या रुग्णांच्या हिशेबाने मागवला. गोळ्या दर आठवड्याला हेलपाटे घालायला न लावता महिन्याच्या दिल्या. प्रत्येकाचं कार्ड काढलं, तारीख चुकवलेल्यांची यादी केली आणि परिचारिकांनी फोन करून त्यांना बोलावलं. आणि दर तिमाहीला एकच प्रश्न विचारला: नोंदलेल्यांपैकी आज आटोक्यात किती?

२०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तेव्हा उपचाराखाली असलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. देशाच्या १५ टक्क्यांशी याची थेट तुलना करता येत नाही, कारण त्यात निदान न झालेलेही धरलेले आहेत. पण साध्या सरकारी दवाखान्यात, परिचारिकेच्या वहीच्या जोरावर हे जमतं, एवढं त्यातून नक्की दिसलं. शिवाय मोठ्या रुग्णालयांपेक्षा घराजवळच्या प्राथमिक केंद्रांत नियंत्रण चांगलं निघालं. याचं कारण उघड आहे: गोळीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार?

शिबिरांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. आशाताई दुपारी घरोघर जाते तेव्हा तिला बायका आणि म्हातारी माणसं भेटतात. तिशी-चाळिशीतला कर्ता पुरुष कामावर असतो आणि दवाखान्याची पायरी तो चढत नाही. त्याला गाठायचं तर तो असतो तिथेच जायला हवं: रिक्षा स्टँड, एसटी डेपो, बाजार समिती, औद्योगिक वसाहतीचं फाटक. लॉस एंजलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांसाठी हेच न्हाव्याच्या दुकानात करून पाहिलं. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. ५२ दुकानांतल्या ३१९ गिऱ्हाइकांपैकी काहींना न्हाव्याने फक्त सल्ला दिला आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. बाकीच्यांना औषधतज्ज्ञ दुकानातच भेटून, त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीने गोळ्या लिहून देत होते. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सल्लावाल्यांत सरासरी ९ अंकांनी उतरला, गोळीवाल्यांत २७ अंकांनी. हा फरक किती मोठा, ते असं कळेल: वरचा रक्तदाब १० अंकांनी कमी ठेवला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला अनुभवही हेच सांगतो. तिथे ६५ वर्षांवरच्यांसाठी औषधांच्या दुकानांत रक्तदाब तपासणीची सत्रं भरवली आणि प्रत्येकाचा आकडा त्याच्या डॉक्टरकडे पोचवला. ज्या गावांत हे झालं, तिथे हृदयविकार आणि पक्षाघातासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण इतर गावांपेक्षा ९ टक्क्यांनी कमी झालं. तपासणी चव्हाट्यावरच झाली होती, फक्त तिचा आकडा चव्हाट्यावर सोडून दिला नव्हता.

आपल्याकडची खरी कसोटी ऊसतोड कामगारांची आहे. दिवाळीच्या सुमारास बीडच्या एखाद्या गावात कुणाला रक्तदाब असल्याचं कळतं आणि महिन्याभरात ते कुटुंब कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडात पोचतं. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. गावातली नोंद गावात राहते, गोळी बंद पडते. फडाजवळच्या आरोग्य केंद्राने गावचं कार्ड पाहून पुढच्या महिन्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या, तर तपासणी सार्थकी लागली. ‘तुमचं केंद्र हे नाही’ असं ऐकावं लागलं, तर गावातलं ते मोजमाप पाण्यात गेलं.

म्हणून आरोग्य खात्याकडे माझी मागणी एकच आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि शहरातल्या प्रत्येक पालिका दवाखान्याच्या दारावर दर तिमाहीला एक आकडा लावा: नोंदलेले रुग्ण किती, त्यांपैकी या तिमाहीत आटोक्यात किती. ‘एवढे लाख तपासले’ ही जाहिरात थांबवा.

मंडळांना आणि सोसायट्यांनाही सांगणं आहे. शिबिर जरूर घ्या, पण तारीख ठरवण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्याशी बोला. खुर्च्या, शांत कोपरा आणि मोठ्या दंडाचा पट्टा यांची सोय करा. ज्यांचा आकडा जास्त आला त्यांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, त्या दवाखान्याला द्या. तीन महिन्यांनी दोन कार्यकर्त्यांना एक संध्याकाळ फोनवर बसवा आणि विचारा: गोळी सुरू आहे का? एवढं जमणार नसेल, तर तो पैसा शिबिरावर घालवू नका. जनऔषधी केंद्रात या गोळ्या स्वस्त मिळतात. वस्तीतल्या गरजू रुग्णांना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्याच पैशांतून वर्षभर पुरवा. मंडपातल्या तपासणीपेक्षा त्याने जास्त माणसं वाचतील.