पहिल्या टीवरच ठरवा

सातव्या होलवर माझा बॉल कपापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. शनिवारच्या आमच्या खेळात एवढा पट कुणी मारत नाही. समोरचा ‘गिव्हन’ म्हणतो, आपण बॉल उचलून खिशात टाकतो आणि पुढच्या टीकडे चालू लागतो. त्या दिवशीही माझ्या हातून तेच झालं. वाकले, बॉल उचलला, आणि कॅडी हळूच म्हणाला, “मॅडम, आज मेडल आहे ना?”

मेडल म्हणजे क्लबची महिन्यातून एकदा होणारी स्पर्धा. तिथे प्रत्येक शॉट मोजायचा आणि प्रत्येक होलला बॉल कपात गेलाच पाहिजे. मार्कर न ठेवता ग्रीनवरचा बॉल उचलला तर एक शॉट दंड आणि बॉल होता तिथे परत. तशीच पुढे जाऊन आठव्या टीवरून मारलं असतं तर स्पर्धेतून बादच झाले असते. मी बॉल परत ठेवला. हात थरथरत होते. पट कपाच्या कडेला लागून बाहेर गेला. चारचे सहा झाले.

त्या सहाने मी पेटले. घरी येऊन ठरवलं की आता प्रत्येक खेळ मेडलसारखा खेळायचा. इथेच मोठी चूक झाली, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आमचा चौघांचा गट जुना. मी, माझा नवरा, धाकटे दीर, आणि लष्करातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक काका. मी एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लब हातात धरला तेव्हा तो नीट कसा धरायचा हे काकांनीच दाखवलं होतं. काकांना गोष्टी सांगायची सवय. कुणी पट मारताना ते बोलत नाहीत, पण गोष्ट अर्ध्यावर राहिली की त्यांना फार वेळ दम धरवत नाही. मी पेटल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या शनिवारी, बाराव्या ग्रीनवर, माझा पट चुकला आणि मी वळून म्हणाले, “काका, दोन मिनिटं गप्प बसता येत नाही का?”

काका म्हणाले, “चुकलं माझं, बेटा.” उरलेले सहा होल ते एक शब्द बोलले नाहीत. पुढचे तीन शनिवार आले नाहीत. गुडघा दुखतो असा निरोप यायचा. गुडघा दुखत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या शनिवारी स्पर्धा नव्हती, कार्ड नव्हतं, बक्षीस नव्हतं. काका मित्रांबरोबर फिरायला आले होते आणि मी एकटीच मनातल्या मनात मेडल खेळत होते. चौघांपैकी तिघं एक खेळ खेळताहेत आणि चौथा दुसराच, हे कुणाला माहीतच नाही, अशी अवस्था होती.

म्हणून माझं सांगणं आहे. पहिल्या टीवर उभं राहून आज काय खेळायचं ते ठरवा, आणि ते सोबतच्या तिघांना ऐकू जाईल असं बोला. ‘आज कार्ड’ म्हणा किंवा ‘आज गंमत’ म्हणा. दोन शब्द पुरतात. दोघांना कार्ड खेळायचं असेल आणि दोघांना नसेल तर तसं ठरवा, म्हणजे कुणासमोर गप्प राहायचं आणि कुणाशी गप्पा मारायच्या हे कळतं.

गमतीचा दिवस असेल तर मोकळेपणाने गंमत करा. पहिला शॉट झाडीत गेला तर दुसरा मारा. मलिगन घ्यायला लाजू नका. बंकरमधून तीनदा निघाला नाही तर बॉल हाताने बाहेर फेका. दहा शॉट झाले आणि अजून ग्रीन दिसत नसेल तर बॉल उचला आणि पुढच्या होलला या. मागे चौघं खोळंबलेले असतात. (हरवलेला बॉल शोधायला स्पर्धेतसुद्धा आता तीनच मिनिटं मिळतात, 2019 पूर्वी पाच मिळायची. गमतीत दहा मिनिटं झुडपं बडवत बसू नका.) गवतावर दव असताना चार माणसं सात-आठ किलोमीटर एकत्र चालतात, एकमेकांची मुलंबाळं, आजारपणं, नोकऱ्या यांची विचारपूस करतात. हे आपल्या शहरात आणखी कुठे होतं? एवढ्यासाठी गोल्फ खेळणारा माणूस कमी दर्जाचा गोल्फर आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आणि कार्डाचा दिवस असेल तर एकही शॉट सोडू नका, स्वतःला तर नकोच.

स्पर्धा आणि गंमत ही एकाच माणसाला पेलतात, पण एकाच वेळी नाही. बॉबी जोन्स आयुष्यभर हौशी खेळाडू राहिला, पेशाने वकील. 1925 च्या यूएस ओपनमध्ये रफमध्ये शॉटच्या तयारीत असताना बॉल किंचित हलला असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःलाच एक शॉट दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो एका शॉटने हरला. स्पर्धा खेळायची म्हणजे अशी. पण या माणसाला स्पर्धेचा ताण इतका व्हायचा की एकेका स्पर्धेत त्याचं वजन कितीतरी पौंड उतरायचं. 1930 साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धांना रामराम ठोकला. पुढे ऑगस्टाचं मैदान उभं केलं, तिथल्या स्पर्धेत यजमान म्हणून तेवढा उतरला, एरवी मित्रांबरोबर खेळला. आज काय खेळायचं हे ठरवण्याची गरज त्याच्यासारख्यालाही पडली, तर शनिवार-रविवारी खेळणाऱ्या आपल्याला पडणारच.

हँडिकॅपबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त मनं तिथेच दुखावतात. हँडिकॅप म्हणजे तुमच्या कुवतीप्रमाणे तुम्हाला मिळणारी शॉटची सूट. या एका गोष्टीमुळे नवखी बाई आणि वीस वर्षं खेळलेला माणूस बरोबरीने लढू शकतात. असे खेळ फार थोडे. 2020 पासून जगभर एकच पद्धत आली आहे. तुमच्या शेवटच्या वीस राउंडपैकी सर्वांत चांगले आठ धरतात आणि त्यांची सरासरी काढतात. जास्तीत जास्त 54 पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे अगदी नवख्यालाही दार उघडं आहे. पण ही सगळी इमारत तुम्ही भरलेल्या कार्डावर उभी आहे.

गमतीच्या दिवसाचं कार्ड भरू नका. दोन मलिगन घेतले, सहा पट सोडून घेतले आणि 88 लिहिलं, तर तो 88 नव्हे. हँडिकॅप खोटाच खाली येतो, चारचौघांत मिरवायला बरा वाटतो आणि पुढच्या स्पर्धेत तुमचाच घात करतो. याच्या उलट करणारे मला जास्त खटकतात. चांगली कार्डं दडवायची, वाईट तेवढी भरायची, आणि वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत वीसच्या हँडिकॅपवर बाराचा खेळ करून करंडक घरी न्यायचा. त्या करंडकावर कुणा दुसऱ्याचा हक्क होता. शोकेसमध्ये ठेवलात तरी तो चोरीचाच. असा माणूस गटात असेल तर मागे कुजबुजू नका, बाजूला घेऊन सांगा.

स्पर्धेत उतरायचं असेल तर तिची तयारी वेगळी करावी लागते, हे मला त्या सातव्या होलने शिकवलं. शनिवारी सोडून दिलेले हातभर अंतराचे पट मी वर्षानुवर्षं मारलेच नव्हते. आता मेडलच्या आठवड्यात संध्याकाळी जाऊन प्रॅक्टिस ग्रीनवर कपाभोवती बॉल मांडते आणि वीस सलग जाईपर्यंत हलत नाही. बॅगेतले क्लब आदल्या रात्री मोजा. चौदापेक्षा जास्त निघाले तर दंड बसतो. बॉलवर पेनने खूण करा. आणि सही करण्याआधी कार्ड प्रत्येक होलचं तपासा. 1968 च्या मास्टर्समध्ये रॉबर्तो दे विसेन्सोने सतराव्या होलला 3 केले होते. मार्करने 4 लिहिले आणि त्याने न बघता सही केली. नियमाप्रमाणे तो 4 कायम राहिला आणि प्लेऑफची संधी गेली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

स्पर्धेची भीती वाटते म्हणून नाव न देणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, माझा आग्रह आहे की स्टेबलफोर्डपासून सुरुवात करा. तिथे एकूण शॉट मोजत नाहीत. हँडिकॅपची सूट धरून पार केलात तर दोन गुण, बोगीला एक, बर्डीला तीन. एखाद्या होलला बारा झाले तर त्या होलचा शून्य, पुढच्या होलला पाटी कोरी. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आपल्यासारख्यांसाठीच ही पद्धत काढली, 1932 पासून ती चालू आहे. एका वाईट होलमुळे सगळी सकाळ नासत नाही आणि तरी खेळ खराखुरा स्पर्धेचा राहतो.

स्पर्धेत गंभीर असणं म्हणजे कडू असणं नव्हे. 1969 च्या रायडर कपमध्ये, रॉयल बर्कडेलला, शेवटच्या मॅचच्या शेवटच्या ग्रीनवर जॅक निकलसने आपला पट घातला आणि टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा पट त्याला सोडून दिला. मॅचप्लेत समोरच्याला पट सोडणं नियमात बसतं. सामना 16-16 असा बरोबरीत सुटला, रायडर कपच्या इतिहासात पहिल्यांदाच. निकलसच्या कप्तानाला ते रुचलं नव्हतं. मला मात्र वाटतं, त्या दिवशी निकलसइतका गंभीरपणे खेळणारा दुसरा कुणी नसेल.

राग कॅडीवर काढू नका. चुकीचा क्लब दिला म्हणून सगळ्यांसमोर ओरडणारी माणसं मी पाहिली आहेत. शॉट तुम्ही मारलात. पहाटेपासून तुमची बॅग वाहणाऱ्या मुलाला खेळ कळतो, कित्येकदा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडीच होता.

आता आईबापांशी दोन शब्द. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका शॉटने हुकलं. 2021 च्या ऑगस्टमधल्या त्या शनिवारी गोल्फ कशाशी खातात हे माहीत नसलेली मंडळीही सकाळी टीव्हीसमोर बसली होती. त्याच ऑलिम्पिकला पुण्याचा उदयन माने होता. अनिर्बन लाहिरीचा जन्मही पुण्याचाच. त्यामुळे मुलांना ड्रायव्हिंग रेंजवर आणणारे आईबाप दिसायला लागले याचा मला मनापासून आनंद आहे. पण मागे एकदा माझ्या शेजारच्या पट्टीवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मारत होती. वडील मागे मोबाइल धरून प्रत्येक शॉटचं चित्रीकरण करत होते आणि प्रत्येक शॉटनंतर तिला ते दाखवत होते. खांदा बघ, कोपर बघ, डोकं वर आलं बघ. एक शॉट अगदी सुरेख बसला. मुलगी बॉल कुठवर जातो ते बघत राहिली, चेहरा खुलला होता. वडील म्हणाले, “इकडे बघ, मनगट.” तिने तो बॉल पडताना पाहिलाच नाही.

तिला तो बघू द्या. आठवड्यातला एक दिवस तिला कार्डाशिवाय, मोबाइलशिवाय, मैत्रिणींबरोबर नऊ होल खेळू द्या. तुम्ही मागून चालू नका, कँटीनमध्ये बसा. स्पर्धा खेळायची की नाही हे ती त्या नऊ होलांतच ठरवेल, आणि ते तिने ठरवलेलं असेल तर पहाटे पाचला उठवावं लागणार नाही.

चौथ्या शनिवारी मी काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला. मी म्हणाले, “काका, चूक माझी होती. मी मेडल खेळत होते आणि तुम्हाला सांगितलंच नव्हतं.” काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगितलं असतंस तर बेटा, मी तुझा स्कोअर लिहिला असता. तोंडाला कुलूप लावून.”

आता मेडलला तेच माझे मार्कर असतात. अठरा होल खरंच एक शब्द बोलत नाहीत, आणि माझा पट चुकला तर माझ्याआधी त्यांच्या कपाळाला आठी पडते. शनिवारी पहिल्या टीवर आले की आधी विचारतात, “आज काय?”

परवा मी म्हणाले, “गंमत.”

“बरं झालं,” काका म्हणाले आणि टी जमिनीत खोचता खोचता बाराव्या ग्रीनवर अर्धी राहिलेली ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.