जठर काढलेल्या माणसाचं ताट

मैत्रिणींनो, कर्करोगापायी आमच्या मामंजींचं सबंध जठर काढलं, त्याला यंदा नऊ वर्षं झाली. पाच वर्षं सुखरूप पार पडली तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला, आणि बी-बारा जीवनसत्त्वाचं दर महिन्याचं इंजेक्शनही बंद केलं. 'आता बरे झालेत की!' असं म्हणणारी मीच. तीन वर्षांनी त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, अंधारात तोल जाऊ लागला. दुखणं उलटलं, म्हणून सासूबाईंनी अन्न सोडलं!

रक्त तपासल्यावर कळलं, उणीव बी-बाराची. हे जीवनसत्त्व अंगी लागण्यासाठी जे द्रव्य लागतं, ते जठरातच तयार होतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तर आपली फसगत होते. म्हणजे ही पुरवणी जन्मभराची. रक्तातलं लोह आणि हाडांची तपासणीही डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी करून घ्यावी.

ताटाचं म्हणाल, तर थोडंथोडं, दिवसातून सहा वेळा. मऊ वरणभात, अंडं, पनीर, सावकाश चावून. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासानं द्यावं. शिरा, सरबत असलं गोड भराभर आतड्यात उतरतं, मग घाम, धडधड, चक्कर. पाहुण्यांचा आग्रह थोपवणं मात्र स्वयंपाकाहून कठीण हो!

मामंजींच्या मुंग्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. इंजेक्शनची तारीख आता मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते.